वीतभर पुढचं चाक

चौथ्यांदा बेरीज केली तरी उत्तर तेच आलं. चाळीस पूर्णांक दोन शतांश. ग्लेनिस टॅपस्कॉटने पेन्सिल टेबलावर आपटली आणि गार झालेला चहा तसाच घशाखाली ढकलला.

मोटरसायकल शर्यतींच्या लीगचा नियम साधा होता. प्रत्येक स्वाराची गेल्या हंगामातली गुणांची सरासरी काढायची. नव्या संघातल्या सातही जणांच्या सरासऱ्यांची बेरीज चाळिसाच्या वर जाता कामा नये, नाहीतर एकच क्लब सगळे वाघ गोळा करून बसेल. थर्नवेल क्लबच्या मालकीणबाईंनी, म्हणजे खुद्द ग्लेनिसने, सहा जण तर असे जमवले होते, की यंदा विजेत्याची ढाल आपलीच असं त्या झोपेतही म्हणत असाव्यात. सहाही जणांच्या सह्या झाल्या होत्या. आणि सातवा पहिल्यापासून ठरलेलाच होता.

सातवा म्हणजे हेडली क्राउच. वय त्रेचाळीस, डाव्या खांद्यात पोलादी पट्टी, आणि थर्नवेलच्या लाल जॅकेटात सलग एकोणीस हंगाम. विसावा झाला की वाजतगाजत निरोपाचा सामना भरवू, असा शब्द ग्लेनिसने त्याच्या बायकोसमोर दिला होता. आता जागा उरली होती सहा पूर्णांक अठ्ठेचाळीस शतांशांची, आणि हेडलीची सरासरी भरत होती साडेसहा.

याहून वाईट म्हणजे, हे लचांड तिने स्वतःच अंगावर ओढवून घेतलं होतं.

सप्टेंबरात शेजारच्या मार्लमचा संघ थर्नवेलला आला होता. तेराव्या शर्यतीत हेडली आणि मार्लमचा एकोणीस वर्षांचा पोरगा एकमेकांना खेटून रेषेवर आले. पंचांनी पोराला पहिला ठरवला. त्याला तीन गुण, हेडलीला दोन. सामना थर्नवेलने आरामात जिंकला, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. चार दिवसांनी टपालाने एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत फक्त एक फोटो होता. रेषेवर हेडलीचं पुढचं चाक चांगलं वीतभर पुढे. कोपऱ्यात काहीतरी हिरवं, पुसट दिसत होतं. मैदानातलं गवत असेल, असं ग्लेनिसला वाटलं.

पंचांची चूक सापडली की ग्लेनिसला जेवण गोड लागत नसे. तिने लीगला सात पत्रं लिहिली. दोन सुनावण्यांना ती घसा बसेपर्यंत बोलली. दर सामन्याला पेन्सिल घेऊन कार्यक्रमपत्रिकेत गुण भरणाऱ्या अकरा म्हाताऱ्यांच्या सह्या तिने घरोघर जाऊन गोळा केल्या. सहा आठवड्यांनी लीगने हात टेकले. हेडलीला तीन, पोराला दोन. त्या दिवशी ग्लेनिस ऑफिसात एकटीच नाचली. हेडलीने तो फोटो चौकटीत बसवून स्वयंपाकघरात लावला.

गुण वाढला की सरासरी वाढते, हे मात्र भांडणाच्या भरात तीस वर्षं या धंद्यात मुरलेल्या बाईच्या डोक्यातच आलं नाही. तो एक गुण नसता, तर हेडली उरलेल्या जागेत मावला असता.

आपण जिंकलेला निकाल आपल्यालाच फिरवता येत नाही. अपील करायचं तर ते हरलेल्यानेच, आणि मुदत शुक्रवारपर्यंत. आज गुरुवार होता. ग्लेनिसने कोट चढवला, अभिमान खिशात कोंबला आणि गाडी मार्लमच्या रस्त्याला लावली.

मार्लमचा मॅनेजर डन्स्टन प्राउस ट्रॅकशेजारच्या आपल्या केबिनमध्ये हीटरला पाय लावून बसला होता. वीस वर्षांत तिने या माणसाकडे भांडणाखेरीज काही मागितलं नव्हतं. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटांचा डबाही पुढे सरकवला. ग्लेनिसने एक बिस्किट घेतलं आणि सांगून टाकलं.

"अपील कर, डन्स्टन. तुझ्याच पोराचा गुण तुला परत मिळेल. मी तोंड उघडणार नाही."

"खोटं कसं बोलू?" तो साळसूदपणे म्हणाला. "हेडलीच जिंकला होता. मी पाहिलंय ना."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

डन्स्टनने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून पडायच्या आत तोंडात टाकलं. मग सावकाश हिशेब मांडला. त्या निकालाने तुझा स्वार वर गेला, तसा माझा पोरगा खाली आला. माझ्याही संघात एकच जागा उरलीय. त्याचा तो गुण गेल्यामुळे तिथे आता बरोब्बर साडेसहा मावतात. विसावा हंगाम, निरोपाचा सामना, सगळं आम्ही करू. हेडलीला विचारलं होतं मी. तो म्हणाला, ग्लेनिसने सोडलं तरच. तेव्हा तू त्याला आज सांग, मी त्याला उद्या बोलावतो.

हेडली मार्लमच्या जॅकेटात. तिला रडू येत होतं, आणि नाही म्हणायचीही सोय नव्हती. नाही म्हटलं तर त्याचा विसावा हंगाम कुठेच होणार नव्हता. तिने नजर दुसरीकडे वळवली. दारामागच्या खुंटीला कॅमेरा लटकत होता. त्याच्याच पट्ट्यात गुंतलेला एक लांब, दोरे सुटलेला मफलर होता. मार्लमच्या हिरव्या रंगाचा.

ते गवत नव्हतं तर.

"तूच पाठवलास," ती म्हणाली. "मग सरळ लीगला का नाही पाठवलास?"

डन्स्टनने तिचा कप पुन्हा भरला.

"माझ्याच पोराविरुद्ध सात पत्रं कोण लिहिणार, ग्लेनिस? त्या कामाला तूच हवी होतीस."