एकसष्टावं पान

"पुढचं सांग," बाबा म्हणाले. "थांबू नकोस."

चित्रकाराने पान उलटलं आणि घसा खाकरला. चित्रात एक अवाढव्य काळा माणूस खोलीला बाहेरून कडी घालत होता. त्याला चेहरा नव्हता. डोळ्यांच्या जागी नुसती शाई होती.

"यात आपण जेवायला बसलोय," चित्रकार म्हणाला. "तुम्ही मला वाढताय."

"आणि आई कुठे आहे?"

"तुमच्या शेजारी."

बाबांनी मान हलवली. सकाळपासून दर पानाला त्यांचा हा एकच प्रश्न होता. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. म्हातारपणी आठवण जास्तच येत असेल, असं चित्रकाराला वाटलं.

फोन आत्याने केला होता. तुझ्या बापाला तुझं पुस्तक ऐकायचंय, ती म्हणाली. मी वाचते म्हटलं, तर म्हणतो, तुला चित्रं वाचता येतात का. आता तूच ये रे, माझा शब्द या घरात चालत नाही. मग ती दोन वर्षांत तोंड न दाखवल्याबद्दल चार शब्द सुनावायला विसरली नाही.

बारा वर्षांपूर्वी याच पुस्तकाने चित्रकाराचं नाव केलं होतं. पोराच्या चित्रांच्या वह्या जाळणारा, बायकोला कोंडून ठेवणारा बाप. डोळे नसलेल्या त्या बापाची जाणकारांनी तोंड भरून तारीफ केली. प्रदर्शनांत अनोळखी माणसं त्याचा हात धरून रडली, आमचेही वडील असेच होते म्हणाली. त्या वेळी त्याला बरं वाटायचं, हे तो आता स्वतःपासूनही लपवू शकत नव्हता.

कारण तीन वर्षांपूर्वी बाबांचे डोळे गेले. आधी डावा, मग उजवा. डॉक्टरांनी साखरेचं कारण सांगितलं. चित्रकाराने ऐकून घेतलं, पण त्याच्या मनाने वेगळाच निकाल दिला होता. आपण कागदावर जे केलं, तेच खरं झालं. तेव्हापासून कुठल्याही माणसाचं चित्र काढताना डोळ्यांपाशी आलं की ब्रश थबकायचा. रोज सकाळी चित्रफलकासमोर बसण्याआधी तो हात जोडायचा, मनातल्या मनात क्षमा मागायचा, आणि घरी फोन करायचं मात्र टाळायचा.

एकसष्टावं पान आलं. पूर्ण पानाचं एकच चित्र. ते त्याने अकरा वेळा काढलं होतं. मागचं अंगण, पत्र्याचं पिंप, ज्वाळा, त्यात त्याच्या वह्या.

"यात आपण दोघं अंगणात बसलोय," तो म्हणाला. "थंडी आहे. शेकोटी पेटवलीय."

बाबा हसले. "पुरे कर, चितारी."

लहानपणी बाबा त्याला चिडवायचे ते नाव. चित्रकाराच्या हातातलं पुस्तक कलंडलं.

बाबांना सगळं ठाऊक होतं. पुस्तक आलं त्याच महिन्यात न्हाव्याने दाढी करता करता सांगितलं होतं, पोराने तुमचा पार राक्षस केलाय. वस्तरा गळ्याशी होता, म्हणून मुकाट ऐकून घेतलं, बाबा म्हणाले. डोळे होते तोवर पुस्तक उघडायचा धीर झाला नाही. आता मात्र ऐकल्यावाचून राहवत नाही.

चित्रकार कॉटपाशी खाली बसला. त्याने बाबांच्या पायांवर हात ठेवले. "माझं चुकलं, बाबा. मी तुम्हाला माणसासारखं काढलंच नाही. म्हणाल तर सगळ्या प्रती मागे घेतो. नवी छपाई थांबवतो."

"एक रेघही हलवायची नाही," बाबा म्हणाले. "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं ना, वह्या मी जाळल्या म्हणून? मग झालं तर. आता हे पान जसं आहे तसं सांग. खोटं नको."

त्याने सांगितलं. तो शाळेतून धावत आला तेव्हाचा धूर. पिंपाशी उभे बाबा. त्यांच्या हातात काडेपेटी. भाजल्यासारखी लाल झालेली बोटं, ती त्याने दुष्टपणाची खूण म्हणून मुद्दाम मोठी काढली होती.

"आणि आई?"

"आई खोलीत. तुम्ही बाहेरून कडी लावलीय. ती आतून दारावर हात आपटतेय, ओरडतेय. माझ्या वह्या वाचवायला." तो थांबला. "म्हणजे मला नुसते हात आपटल्याचे आवाज ऐकू आले होते. आतलं चित्र मी मनाने काढलं."

बाबांनी कॉटची कड घट्ट धरली होती. "वह्या वाचवायला."

"हो."

"असंच छापलंय? लोकांनी तिला असंच पाहिलंय?"

"हो, बाबा. सगळ्यांनी."

बाबांची बोटं सैल झाली. त्यांनी उशीला पाठ टेकली आणि खोल श्वास सोडला. कितीतरी वर्षं अंगावर घेतलेलं ओझं खाली ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा निवला.

"बरं झालं," ते स्वतःशीच पुटपुटले. "म्हणजे मी तिच्या हातातून काडेपेटी काढून घेतली, तेव्हा तू अजून अंगणात आला नव्हतास."