चाक नसलेली गाडी

"चाकं असतील तर गाडी, नसतील तर बांधकाम. पालिकेचा नियम आहे," अतिक्रमण पथकाचे साहेब म्हणाले.

"चाक तिथं आहे, साहेब." जमनाने भट्टीकडे बोट दाखवलं. तिचा नवरा चाकावर लालभडक लोखंडी धाव चढवत होता. "धाव बसली की लगेच जोडतो. घर आहे हो आमचं."

साहेबांनी हात वर केला. जेसीबीखाली गाडीचा कणा कडाडून मोडला. भांडी, गोधड्या, पाळणा, सगळं मातीत गेलं. आडव्या आलेल्या नवऱ्याला पोलिसांनी काठ्यांनी झोडपून पाडलं.

घिसाड्यांत घण बाईच मारते. जमनाने घण उचलला तसे सगळे मागे सरले. तिने तो साहेबांच्या जीपच्या चाकावर घातला. ते निखळेपर्यंत घालत राहिली.

"आता हे पण बांधकाम झालं, साहेब," ती धापा टाकत म्हणाली. "पाडा."