सुरक्षेसाठी

टीव्हीवर सूचना झळकली: 'इंटरनेटवरून झालेल्या तपासणीत अनधिकृत बदल आढळल्याने हा गेम कन्सोल कायमचा बंद करण्यात आला आहे.' इरावतीचं डोकं भणाणलं. तिच्या वडिलांना, दिगंबररावांना, उजव्या हाताची बोटं नव्हती. पायानं फुटबॉलचा गेम खेळता यावा म्हणून तिनंच कन्सोलच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून त्याला शिलाई मशीनचं पेडल जोडलं होतं.

तिनं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, असे बदल करून लोक खेळात लबाडी करतात. हे सगळ्यांच्या सुरक्षेसाठी आहे," तिकडचा मुलगा म्हणाला.

"अहो, विकत घेतलाय आम्ही! भाड्यानं नाही आणला!"

"कन्सोल तुमचाच, मॅडम. सॉफ्टवेअर कंपनीचं."

दिगंबररावांनी फोन मागून घेतला. "साहेब, आमच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेस मशीनला सुरक्षेची जाळी होती. काम वेगानं व्हावं म्हणून मालकानंच ती काढली. माझी बोटं गेली. ते मशीन मात्र कुणी बंद केलं नाही."

पलीकडून तो मुलगा पुटपुटला, "सॉरी काका. माझ्या हातात काही नाही."

दिगंबररावांनी फोन बंद केला. "उघड तो डबा," ते लेकीवर खेकसले, "आणि या खेपेला इंटरनेटची वायर आधी काढ."