जुनं आधी, ताजं नंतर

मोबाइल टॉवर पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावरची येणाऱ्या नोंदींची रेघ भिंतीसारखी ताठ उभी राहिली.

"आला लोंढा," तिच्या मागून आवाज आला. तो तिचा वरिष्ठ. सिस्टिमला आग लागली की धावत येतो, म्हणून ऑफिसात त्याला सगळे बंब म्हणायचे. ती नवीन होती, त्यामुळे सर म्हणायची.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. दारं, खिडक्या, दिवे, किटली, आरामखुर्ची अशा प्रत्येकाला एक छोटा सेन्सर. सेन्सर आपली नोंद भिंतीवरच्या डबीला देणार आणि डबी ती क्लाउडवर पाठवणार. दरड कोसळून खोऱ्यातला टॉवर आडवा झाला, तेव्हापासून दोनेक महिने तिथल्या डब्या सगळं पोटात साठवून बसल्या होत्या. आज प्रत्येकीला एकदमच बोलायचं होतं.

"माहेरी आलेल्या लेकींसारख्या सुटल्यात," बंब म्हणाला. "ताजं आधी घे. जुन्याची सरासरी काढ आणि मूळ नोंदी सोडून दे. सर्व्हरने मान टाकायच्या आत."

नियम तिला पाठ होता आणि पटतही होता. एखाद्या आजी आत्ता उठून बसल्या आहेत का, हे कळणं महत्त्वाचं; दोन महिन्यांपूर्वी त्यांनी खिडकी कधी उघडली होती, हे नाही. सरासरी निघाली की सर्व्हर डबीला 'मिळालं' असं कळवतो, आणि डबी आपली पाटी पुसून कोरी करते.

"सर, एक डबी मी वेगळी काढलीय," ती म्हणाली. "हळू रांगेत. जुनं आधी, ताजं नंतर. सरासरी न काढता."

"कुणाची?"

"बाबांची."

बंबने खुर्ची ओढली. "अगं, मग उलट कर ना. ताजं आधी बघ, म्हणजे आत्ता कसे आहेत ते कळेल."

"मला क्रमाने हवंय."

"मग फोन लाव."

"उचलत नाहीत."

"कसे उचलतील? माझ्या आईचा फोन पिशवीच्या तळाशी असतो, आणि पिशवी कुठे असते ते तिलाही माहीत नसतं. रस्ता तरी झाला का मोकळा?"

"झाला. मी आणि दादा जाऊन आलो."

तो पुढे काही विचारणार, तेवढ्यात पडद्याचा एक कोपरा पिवळा झाला; सर्व्हरला भार पेलवत नव्हता. दोघंही तिकडे वळले. तिने डब्यांचे गट पाडले, प्रत्येक गटाला थोडं थोडं थांबायला सांगितलं. ताठ रेघ हळूहळू वाकायला लागली.

"हात चांगला आहे तुझा," तो म्हणाला. "पण एका घरासाठी रांग अडवता येणार नाही. प्रत्येक डबीमागे कुणाचे तरी बाबा आहेत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठेव, मग तीही सरासरीत." मग उठता उठता म्हणाला, "त्या मोठ्या कंपनीला नकार देऊन तू आमच्याकडे का आलीस, ते आत्ता कळलं."

तिने खुर्ची पुढे सरकवली.

पडद्याच्या कोपऱ्यात तिने एक लहान चौकट उघडून ठेवली होती. तिच्यात बाबांच्या नोंदी थेंब थेंब येत होत्या. स्वयंपाकघराचा दिवा. किटली. आरामखुर्चीवर वजन. थोड्या वेळाने पुन्हा किटली. म्हणजे पहिला चहा वाचता वाचता गार झाला असणार. बाबांची जुनीच खोड. आई असताना यावरून रोज दोघांची जुंपायची.

मग दार उघडलं. लगेच बंद झालं. परत उघडलं. चष्मा विसरले असतील. तिला हसू आलं. मोठ्या पडद्यावर शेकडो घरं धावत होती आणि ती या एका दारापाशी थांबली होती.

दादाचा फोन आला. ती उठून जिन्यात गेली.

"टॉवर सुरू झाला म्हणे," तो म्हणाला.

"हो. येतंय सगळं."

"बाबांचं?"

"त्यांचंही."

"काय करतायत?"

"चहा गार केला. मग बाहेर पडले, चष्म्यासाठी परत आले."

"तुला दारावरून चष्मा कळतो?"

"तुला नाही कळत?"

"कळतो," तो म्हणाला. "अजून सांग. घाई करू नकोस, एकेक करून सांग."

तिने सांगितलं. त्या दिवशी पाऊस फार असणार, कारण खिडकी लावून घेतली होती. तरी खुर्चीवर वजन नव्हतं. म्हणजे काचेपाशी उभं राहून रस्त्याकडे बघत असणार. दादा मध्ये मध्ये फक्त हं म्हणत होता. शेवटी म्हणाला, "पुढचं आलं की लगेच फोन कर. मी वाट बघतोय."

ती आत आली तेव्हा बंब तिच्या खुर्चीत बसला होता. कोपऱ्यातली चौकट रिकामी होती.

"तुझा चेहरा बघवेना गं," तो म्हणाला. "म्हटलं, जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा काय ते कळू दे. मागचं सगळं सरासरीत टाकलं आणि तुझी डबी थेट आत्ताच्या नोंदीवर आणली. पण..." तो हातातल्या फोनवर नंबर शोधत होता. "हे बघ, घाबरू नकोस. तिथे कित्येक दिवसांत काही हललेलंच नाही. दिवा नाही, दार नाही. मी मदत पथक पाठवतोय."

तिने तो फोन त्याच्या हातातून काढून टेबलावर ठेवला.

"कुणाला पाठवू नका, सर. दरड हटवून आम्ही पोचलो, तोवर बाबा गेले होते," ती म्हणाली. "मधले दिवस तेवढे त्या डबीत होते."