ठोकळ्यांचं ॲप

सोसायटीच्या तिन्ही विंगना रोज सारखंच अर्धा तास पाणी सोडतो, असं सेक्रेटरी नीरज म्हात्रे छातीठोकपणे सांगायचा. दशरथकाकांना ते पटत नव्हतं. पाणी कधी आलं, कधी गेलं हे प्रत्येक घराने फोनवर नोंदवावं, म्हणून ते निवृत्तीनंतर ॲप बनवायला शिकले. त्यात कोड लिहायचा नव्हता, स्क्रीनवरचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे होते.

गच्चीवरच्या मीटिंगमध्ये ते ठोकळे पाहून नीरज खो खो हसला. "अरे काका, ये तो बच्चों का खेल है! नातवाला द्या ते, तुम्ही जप करा." सगळेच हसले. काका मान खाली घालून जिना उतरले.

तीन महिन्यांनी वार्षिक सभेत त्यांनी भिंतीवर आलेख दाखवला. बी आणि सी विंगला रोज अठरा मिनिटं पाणी, नीरजच्या ए विंगला दोन तास.

"साफ खोटं आहे!" नीरज ओरडला. "आमच्या विंगमधून नोंदी कोण करतंय? नाव सांगा ना!"

पहिल्या रांगेतून त्याच्या आईने, द्वारकाबाईंनी, कौतुकाने हात वर केला. "मीच करते रं. पानी आलं का हिरवं बटन, गेलं का लाल. एक दिस चुकले न्हाय."

गच्चीवरच्या त्या हशानंतर दुसऱ्याच सकाळी, नीरज कामावर गेल्यावर, काका सगळ्यांत आधी द्वारकाबाईंनाच शिकवायला गेले होते.