कुडपणातली पहिली सायकल

मुंबईच्या गिरणीत तीन वर्षं राबून मी सायकल घेतली, ती फक्त कुडपणला, आमच्या डोंगरावरच्या गावात, घंटी वाजवत शिरायला. सगळ्यांनी वेशीवर या, असं आधी पत्रसुद्धा धाडलं होतं.

पोलादपूरला एस.टी.च्या टपावरून सायकल उतरवली आणि ऐटीत टांग मारली. रस्ता कसला, नुसती खडी ओतून ठेवलेली! दोन मैलांत मागचं चाक बसलं, ओढ्यात चेन निखळली आणि डोंगराच्या पायथ्याशी तर रस्ताच संपला. मग सायकल खांद्यावर घेऊन पायवाटेनं वर निघालो. दरीच्या कडेनं पेडल बरगडीत घुसत होतं, पलीकडे प्रतापगड मजेत ऊन खात बसला होता आणि मी सायकल विकणाऱ्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

वेशीवर अख्खा गाव जमला होता. आई पाण्याचा तांब्या आणि कुंकू घेऊन पुढे आली. आमच्याकडे नवा बैल आणला की पायांवर पाणी घालून, कपाळाला कुंकू लावूनच त्याला घरात घेतात; सायकलीलाही तोच मान द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं.

सायकल अजून माझ्या खांद्यावरच होती. आईनं आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत निरखून पाहिलं.



"ही तर तुझ्यावर बसून आली हाय रे, हैबती," ती म्हणाली, आणि तिनं पाणी माझ्या पायांवर ओतून कुंकू माझ्याच कपाळाला लावलं.