हनुवटी छातीला

साथीच्या तापातून रामहरीतात्या वाचले, पण गिळायला पुन्हा शिकावं लागलं. घोट घेतला की हनुवटी छातीला लावायची, मगच गिळायचं; मध्येच बोललात तर चहा फुप्फुसात जाईल, असा बारामतीच्या थेरपिस्टबाईंचा दम होता. लेकीला पाहायला कन्हेरीचे पाहुणे आले. चहा नाकारायचा कसा? तात्यांनी दोन्ही हातांत कपबशी अन् मुठीत जीव धरून घोट घेतला. "लग्नानंतर पोरगी नोकरी सोडंल. कबूल हाय न्हवं, तात्या?" मुलाच्या मामांनी तेवढ्यात विचारलं. तात्यांची हनुवटी छातीला टेकली. "मान डोलावली! काढा साखर!" मामा गरजले. दाराआड लेक पांढरीफटक पडली. घोट तोंडात असतानाच तात्यांनी डोकं वर केलं. "न्हाय!" चहा मामांच्या सदऱ्यावर उडाला. ठसक्यानं तात्या वाकले, लेक पाठ चोळू लागली. कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून ते पुन्हा म्हणाले, "न्हाय!"